भांडण दोन महासत्तांचं, रॉकेट थुंब्याचं

मी बोलतोय पळसदेवहून. आजचा विषय अंतराळातली शर्यत. पण आपण मॉस्को आणि वॉशिंग्टनवर थांबायचं नाही, पार केरळच्या एका कोळीवाड्यापर्यंत जायचंय.

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. का? जे रॉकेट उपग्रह वर नेतं, तेच अणुबॉम्ब दुसऱ्या खंडात टाकू शकतं! १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन अंतराळात जाऊन आला. दीड महिन्यात केनेडींनी चंद्रावर माणूस उतरवायचं जाहीर केलं. विज्ञान होतंच, पण तिजोऱ्या उघडल्या त्या चढाओढीपायी.

नव्यानं स्वतंत्र झालेले देशही दोघांना आपल्या बाजूला हवे होते. भारत कुठल्याच गटात नव्हता. त्यात थुंबा हे गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ. तिथल्या वातावरणाचा अभ्यास सगळ्यांनाच करायचा होता. विक्रम साराभाईंबरोबर ही जागा शोधणाऱ्यांत होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस.

२१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं, आतलं उपकरण फ्रान्सचं, संगणक आणि हेलिकॉप्टरची मदत सोव्हिएत संघाची. बाहेर एकमेकांवर डोळे वटारणारे थुंब्यात एकाच अंगणात! उडवणाऱ्या चमूत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते, नासात शिकून आलेले.

१९७५ तर बघाच. १९ एप्रिलला आपला 'आर्यभट्ट' सोव्हिएत रॉकेटनं वर गेला. १ ऑगस्टपासून अमेरिकेच्या उपग्रहावरून २,४०० खेड्यांत शेती-आरोग्याचे कार्यक्रम दिसू लागले. त्या 'साइट' प्रयोगातही चिटणीस आणि काळे होते. दोघांकडून घेतलं, पण काय करायचं ते आपण ठरवलं.

आता एक गोष्ट, जी मला पळसदेवचा म्हणून जास्त लागते. थुंब्याचा किनारा रिकामा नव्हता. तिथल्या मच्छीमार कुटुंबांना घरं सोडावी लागली. मेरी मॅग्डलीनचं चर्च शास्त्रज्ञांचं ऑफिस झालं, आज तिथं अंतराळ संग्रहालय आहे. आपलं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, आणि लोक फोटो काढायला येतात. गाव कुणाचं होतं, हे किती जण विचारतात?

अंतराळाच्या इतिहासात महासत्ता असतात, शास्त्रज्ञ असतात. थुंब्याच्या त्या कोळ्यांचं नावही त्यात घ्यायला हवं, असं मला वाटतं. तुमच्या भागात असं कुणी जागा सोडली असेल, तर घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकू. भेटू!