गार्सियाची बाग आणि आपली झाडे

पणजीच्या चर्चसमोर जी बाग आहे तिला आपण सगळे म्युनिसिपल गार्डन म्हणतो. तिचे खरे नाव गार्सिया द ओर्ता उद्यान. संध्याकाळी तिथल्या बाकांवर गप्पा मारत बसलेल्यांना हा गार्सिया कोण असे विचारले, तर बहुतेक जण नुसती मान हलवतील. पण गोव्यातल्या झाडापेडांचा लेखी इतिहास बघायचा तर सुरुवात या माणसापासूनच करावी लागते.

गार्सिया हा पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिद गावचा वैद्य. १५३४ साली तो गोव्यात आला आणि १५६८ साली इथेच वारला. गोव्यात त्याचे घर होते, घराला लागून औषधी झाडांची बाग होती. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे मक्त्याने होते. १० एप्रिल १५६३ रोजी त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूपी ग्रंथ गोव्यातच छापला गेला. पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश याची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथात आहे.

या ग्रंथातली मजा अशी की, त्यात आपल्या परसातले शब्द पोर्तुगीज वेषात भेटतात. आपल्या भिरंडाला गार्सिया 'ब्रिंदोंइश' म्हणतो. पारिजातकाला तो 'दुःखी झाड' म्हणतो आणि त्याची इथे ऐकलेली कथाही देतो. पारिजातक नावाच्या एका सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली, सूर्याने तिला टाकले, तिने जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून ते सूर्याचे तोंड बघत नाही, रात्री फुलते आणि पहाटे फुले ढाळते. चारशे साठ वर्षांपूर्वी कोणीतरी गोवेकराने ही कथा त्याला सांगितली असणार. त्या गोवेकराचे नाव मात्र ग्रंथात नाही.

भिरंडाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. ते या गार्सियावरून पडले असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ते नाव लॉरां गार्सँ या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. गार्सियाच्या नशिबी दुसरेच होते. तो मूळच्या ज्यू घराण्यातला. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी, १५६९ साली, त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळले. १५८० साली त्याची स्वतःची हाडेही उकरून जाळण्यात आली.

याच छळाच्या काळात गोवा सोडून गेलेल्या कुटुंबांपैकी काही कोचीला स्थायिक झाली. तिथे डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य राबले. १६७५ सालचे त्यांचे कोकणीतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापले आहे. गार्सियाच्या पुस्तकात जो गोवेकर बिननावाचा राहिला, त्याला इथे नाव मिळाले, तेही गाव सोडल्यानंतर!

आता जरा आजच्या पणजीकडे येऊ. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयाच्या आवारात बाग करायचे ठरले आणि फाईल माझ्या टेबलावर आली. एका नर्सरीचे कोटेशन सोबत होते. त्यात हिरवळ, क्रोटन, बॉटल पाम. म्हणजे या मातीतले एकही झाड नाही. आवारात एक जुनी ओंवळ आहे, घाटावर जिला बकुळ म्हणतात. पार्किंगसाठी ती काढावी असेही टिपणात होते. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते, एवढे मी फाईलवर लिहिले आणि स्वतंत्र यादी करायला बसलो.

देशी कोणते आणि परके कोणते, हे ठरवणे वाटते तेवढे सोपे नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. मिरची, पपई, अननसही अमेरिकेचे. देवचाफा अमेरिकेचा आणि दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूही मेक्सिकोचा. कांपालचे जुने पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडले, तर गुलमोहर मादागास्करचा. यातले कित्येक आता घरचेच झाले आहेत. काजूला परका म्हणून बाहेर काढा असे गोव्यात कोण म्हणेल? पण पाहुण्यांचे कौतुक करताना घरची माणसे उपाशी राहू नयेत, एवढेच माझे म्हणणे.

घरच्यांची यादी शोधायला पुस्तक उघडण्याआधी मला चवथ आठवली. गणपतीच्या डोक्यावर आपण माटोळी बांधतो. तिच्यात नारळ, सुपारीची कातर, आंब्याचे टाळे यांच्याबरोबर कांगले, घागऱ्या, कवंडळे, फागले असतात. आपल्या डोंगरांवरच्या वनस्पतींची ही दरवर्षी नव्याने लिहिली जाणारी यादीच आहे. ती छापावी लागली नाही, कारण ती बांधली जात होती. १८९८ साली दालगादो यांनी गोवा आणि सावंतवाडीच्या वनस्पतींवर पुस्तक लिहिले, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या आज्या ती यादी तोंडपाठ जाणत होत्या.

मग आराखडा असा केला. ओंवळ जागेवरच राहील, तिच्या सावलीत बाके. पश्चिमेचे ऊन अडवायला उंडी आणि भेंड, कारण दोन्ही झाडे खारा वारा सोसतात. आतल्या बाजूला सुरंगी, सीतेचा अशोक आणि भिरंड. चिऱ्याच्या कोरड्या कोपऱ्यात करवंद आणि कुडा. कुंपणावर कांगले आणि कवंडळाचे वेल. खाली अबोली. पणजीत वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक चार महिन्यांत. फेब्रुवारीपासून जमीन तापते आणि दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणून रोपे लहानच आणावीत, जूनच्या पहिल्या पावसाबरोबर लावावीत आणि पहिले दोन उन्हाळे त्यांच्या बुंध्याशी पालापाचोळा पसरून पाणी घालावे. हिरवळीला मे महिन्यात रोज पाणी लागते. सुरंगी एकदा रुजली की तिला तेवढे लाड लागत नाहीत.

साहेबांनी विचारले, "ही नावे कोणाला कळणार?" प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच प्रत्येक झाडाला नागरीत नावाची पाटी लावावी, असा शेवटचा मुद्दा मी टिपणात घातला. फाईल अजून फिरते आहे. ओंवळ उभी आहे. झाड तोडायला निदान परवानगी तरी लागते, झाडाचे नाव विसरायला कोणाचीच लागत नाही.