आभाळात मराठी लिहायचं तर...

ज्यांना हेडफोन घरी विसरल्यामुळे आजचा भाग वाचावा लागतोय, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जे घसरलं ते थोडं नीट केलंय, बाकी तसंच आहे.

आजचा विषय आभाळातल्या जाहिराती. सुरुवात मात्र आमच्या संगमनेरपासून.

मामाने नाशिक-पुणे रस्त्याला खताचं दुकान काढलं. उद्घाटनाला मोठा बलून सोडायचा आणि त्याखाली कापडी पट्टा लटकवायचा, असं ठरलं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी ‘कॉम्प्युटरवाला’. मी काय केलं असेल? दुकानाचं नाव, ‘भव्य शुभारंभ’, खते-बियाणे-औषधे, पत्ता, मोबाईल नंबर आणि शेवटी ‘आपले नम्र’. अनंत फंदीच्या गावचे आम्ही, शब्द कमी वापरायचे हे रक्तातच नाही. दुसऱ्या दिवशी मामाने स्टँडवर चहा पिणाऱ्या चारपाच जणांना विचारलं, वर काय लिहिलंय? एकालाही सांगता आलं नाही. मामा मला एवढंच म्हणाला, “भाचेबुवा, पैसे आभाळात गेले रे.”

तेव्हापासून हे डोक्यात बसलं. लोकांनी आभाळात लिहायला सुरुवात कधी केली, आणि काय लिहिलं?

पहिली गाजलेली गोष्ट १९२२ ची. इंग्लंडमध्ये जॅक सॅव्हेज नावाच्या माजी वैमानिकाने विमानातून धूर सोडून अक्षरं काढायचं तंत्र बसवलं होतं. त्या वर्षी मे महिन्यात एप्समच्या डर्बीला घोड्यांच्या शर्यतीसाठी गर्दी जमलेली, आणि सिरिल टर्नरने वर लिहिलं, ‘डेली मेल’. संपलं. वर्तमानपत्राचं नाव, दोन शब्द. नोव्हेंबरात हाच टर्नर न्यूयॉर्कवर गेला आणि ‘हॅलो यूएसए’ लिहून खाली एका हॉटेलचा फोन नंबर काढला. त्या नंबरवर हजारो फोन आले. आमच्या भाषेत सांगायचं तर बटन एकच आणि क्लिक मोजता येणारे.

धुराची अडचण अशी की वारा आला की अक्षर विरघळतं. म्हणून पुढे विमानामागे बॅनर ओढायची पद्धत रुळली. यात एक गंमत आहे. बॅनर बांधून विमान सहसा उडत नाही. ते आधी मोकळंच उडतं, वळून खाली येतं आणि दोन खांबांवर ताणलेली दोरी मागच्या आकड्याने उचलतं. बॅनरही एकसंध कापड नसतो. साधारण पाच फूट उंचीची सुटी अक्षरं एकामागे एक जोडलेली असतात. आज ‘सेल’, उद्या ‘सर्कस’. अक्षरं तीच, क्रम नवा.

आता इथे मराठी माणसाने थांबायचं. रोमन लिपीत २६ अक्षरं, त्यांच्या काही पिशव्या भरून ठेवल्या की धंदा सुरू. आपल्याकडे? काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, जोडाक्षरं. फलकवाल्यांचा ठोकताळा आहे की एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. पण पाच फुटांच्या पट्टीत वर वेलांटी आणि खाली उकार बसवला, तर मधल्या मूळ अक्षराला जेमतेम अर्धी उंची उरते. म्हणजे वाचायचं अंतरही जवळपास अर्ध्यावर. मामाच्या पट्ट्यावर तर अक्षरच जेमतेम फूटभर. १२० फुटांवर स्टँड असता तर कदाचित जमलं असतं!

हे दुखणं विमानाच्या आधीचं, छापखान्यातलं आहे. इंग्रजी खिळे जुळवणाऱ्यापुढे थोडी घरं, मराठीवाल्यापुढे शेकडो. टिळकांनीसुद्धा केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करायचा उद्योग केला आणि तो १९० च्या आसपास आणला.

आणि इथेच मला एक माणूस सापडला, ज्याने जाहिरात आणि खिळे या दोन्हींत हात घातला होता. शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईत, १८६७. लंडनला गेले, दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, पैसेही घातले. तिथे त्यांनी विजेवर जाहिराती दाखवणारं यंत्र बनवलं आणि ते क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलं गेलं. डर्बीवर धूर निघण्याच्या वीसेक वर्षं आधी, एक मराठी माणूस लंडनकरांना जाहिरात कशी दिसावी हे दाखवत होता!

पण त्यांचा जीव अडकला खिळे पाडणाऱ्या यंत्रात, भिसोटाइपमध्ये. तेव्हाची यंत्रं मिनिटाला दीडशेच्या घरात, माझं १२०० पाडेल, असा त्यांचा दावा. भांडवल जुळेना. १९०८ च्या अखेरीस हात टेकून मुंबईला परतले. पुढे गोखल्यांच्या ओळखीने सर रतन टाटांनी पैसा उभा केला, ते पुन्हा परदेशी गेले, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. आपण त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणतो आणि विसरतो. मला ती उपमा आवडतच नाही. एडिसनकडे कारखाना होता, भिशांकडे पुढच्या हप्त्यासाठी लिहिलेली पत्रं होती.

असो. दिवाळीला मामा पुन्हा बलून लावायला तयार झाला. मी या वेळी हट्ट धरला, की एकच शब्द, आणि तोही बिनमात्रेचा. ‘खत’. ना काना, ना वेलांटी, पट्टीची सगळी उंची अक्षराला. पिवळ्यावर काळं, अक्षर चार फुटी.

स्टँडवर गेलो. एका आजोबांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं आणि विचारलं, “रवत म्हणजे काय रे बाळा?”

‘ख’ लांबून ‘रव’ दिसतो म्हणून लिपी सुधारणेत त्याला खालून जोडून घेतलाय. मी निवडलेला फॉन्ट जुन्या वळणाचा होता.