फाल्गुनरावांचं कूळ

ठाणे, डोंबिवली, कल्याण. इथल्या एखाद्या हौशी नाट्यमंडळात संगीत नाटक करायचं ठरलं, की आधी ‘सौभद्र’चं नाव निघतं, मग ‘मानापमान’चं. दोन्हींना गळे फार लागतात. मग कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, “खरे गाणारे आपल्याकडे दोनच आहेत ना? मग ‘संशयकल्लोळ’ घ्या.” हा सल्ला अगदी बरोबर आहे, आणि त्याचं कारण त्या नाटकाच्या जन्मकथेत आहे.

‘संशयकल्लोळ’ दोनदा जन्मलं. पहिल्यांदा १८९३ मध्ये, गद्य नाटक म्हणून. तेव्हा त्याचं नाव होतं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. लेखक गोविंद बल्लाळ देवल, सांगलीजवळच्या हरिपूरचे, अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य. त्याच १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं आणि पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला सुरुवात झाली. हौशी नटांच्या किती पिढ्या पहिल्यांदा तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या त्या गणपतीच्या मांडवातच, आणि नाटकाच्या प्रती शोधायला जायचं ते वाचनालयातच. त्यामुळे हे साल मला आपल्या भागातल्या हौशी रंगभूमीचंही वाटतं.

देवलांनी मूळ घेतलं होतं आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या ‘ऑल इन द राँग’ या पाच अंकी नाटकातून. ते १७६१ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झालं. मर्फीने बीज उचललं होतं मोलिएरच्या ‘स्गानारेल’ या पद्यातल्या एकांकिकेवरून. ती पॅरिसला १६६० मध्ये झाली, आणि त्यात संशयी नवऱ्याचं काम स्वतः मोलिएर करायचा. म्हणजे पॅरिस, लंडन आणि मग महाराष्ट्र. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांच्या या प्रवासात नावं बदलली, पोशाख बदलले, भाषा बदलल्या. एक प्रसंग मात्र जागचा हलला नाही.

तो प्रसंग असा. एका तरुणीला घेरी येते. जवळून जाणारा एक प्रौढ गृहस्थ तिला सावरतो. नेमकं ते त्याच्या बायकोला दिसतं. तरुणीच्या हातून तिच्या प्रियकराची तसबीर खाली पडते, ती बायकोच्या हाती लागते, आणि बायको ती निरखत असताना नवरा मागून येतो. बस्स. दोन मिनिटांत नवरा-बायको दोघांच्याही डोक्यात संशय शिरला आणि दोघांकडेही डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे. कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी कट केलेला नाही, खलपुरुष नावालाही नाही. जो तो आपण जे पाहिलं तेच सांगतोय, आणि सगळे चुकताहेत. इतकी घट्ट बांधणी असलेला प्रसंग मला विनोदी रंगभूमीवर दुसरा आठवत नाही. मर्फीचा सर जॉन रेस्टलेस तिथेच फसतो आणि देवलांचे फाल्गुनरावही तिथेच.

देवलांची खरी करामत पुढे आहे. मर्फीची बेलिंडा चांगल्या घरची मुलगी. बाप भलत्याशी लग्न लावू पाहतो म्हणून ती कासावीस. १८९३ च्या महाराष्ट्रात चांगल्या घरची उपवर मुलगी रस्त्यात एकटी उभी आहे आणि तिच्याजवळ परपुरुषाची तसबीर आहे, हे कुणाला पटणार? देवलांनी रेवतीला मघा नायकिणीची मुलगी केलं. एका फटक्यात तिचं बाहेर फिरणं पटलं, तसबीर पटली, आणि तिच्यावर येणारा संशय तर फारच पटला. शिवाय अश्विनशेठने तिच्याशी लग्न करायचं म्हणणं याला मर्फीकडे नव्हतं असं वजन आलं. हसता हसता प्रेक्षक एका नायकिणीच्या मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवायला लागतो. ‘शारदा’ लिहिणारा माणूस तो हाच, हे इथे ओळखू येतं.

नावांचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. पुरुषांना महिन्यांची नावं: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, गडी भादव्या. बायकांना नक्षत्रांची: कृत्तिका, रेवती, मघा. अख्खं पंचांग स्टेजवर आणल्यावर परक्या मुळाचा वास कुठून येणार?

दुसरा जन्म १९१६ चा. गंधर्व नाटक मंडळीसाठी देवलांनी त्याच गद्यावर पदं चढवली आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ तयार झालं. रेवती झाले बालगंधर्व आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस. त्याच वर्षी जूनमध्ये देवल वारले. बोडस मुख्यतः गद्य नट होते, आणि पुढे १९१९ मध्ये गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकर त्यांनीच उभा केला. त्यांच्या फाल्गुनरावांची आठवण प्रेक्षकांनी बालगंधर्वांच्या गाण्याइतक्याच मानाने जपली.

त्या जाणत्या माणसाच्या सल्ल्याचं मूळ इथे आहे. गाण्याचा मोठा भार अश्विनशेठ आणि रेवतीवर, हसवण्याचा भार फाल्गुनराव, कृत्तिका आणि भादव्यावर. कारण हसवणारा भाग गाण्याच्या तेवीस वर्षं आधी पूर्ण लिहून झाला होता. एखादं पद काढलं तरी घोटाळ्याची वीण उसवत नाही. पूर्वी रात्र रात्र चालणारे पाच अंक आज गडकरी रंगायतनच्या किंवा सावित्रीबाई फुले कलामंदिराच्या एका सत्रात बसवायचे असतात, आणि शेवटची लोकल प्रेक्षकांना आणि पायपेटीवाल्यांनाही गाठायची असते. तेव्हा कात्री लावावीच लागते. दरबारी कानड्यातलं अश्विनशेठचं पद तेवढं ठेवा, ते नसेल तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील! हौशी मंडळाच्या दृष्टीने आणखी एक सोय म्हणजे देवलांच्या नाटकाचा कॉपीराइट कधीच संपलेला आहे. लेखकाच्या मानधनाचे पैसे पगड्या-शालूंच्या भाड्याला लावता येतात.

मात्र तालमीत एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं, ती म्हणजे तसबीर. मोलिएरकडे ती हातात मावेल अशी रंगवलेली छोटी प्रतिमा होती. आपल्याकडे प्रॉपर्टी सांभाळणारा आदल्या दिवशी कुणाच्या तरी घरून फोटोची चौकट उचलून आणतो. ती रेवतीच्या हातून पडताना वाजली पाहिजे, पण फुटता कामा नये, म्हणून काच काढून टाकायची. कृत्तिकेच्या पदराआड लपली पाहिजे आणि शेवटच्या रांगेतूनही दिसली पाहिजे, म्हणून साधारण तळहाताहून थोडी मोठी हवी. आत अश्विनशेठचं काम करणाऱ्याचाच फोटो हवा, त्याच पगडीत काढलेला. कारण कृत्तिका ती जवळ धरून न्याहाळते तेव्हा तिच्या नजरेत खरं कौतुक यावं लागतं. आणि पहिल्या तालमीपासून खरी तसबीरच वापरावी, वहीचा पुठ्ठा नाही. हात आणि वस्तू यांची ओळख व्हायला दिवस लागतात.

मंडळं पात्रनिवड करताना आधी रेवती शोधतात, मग अश्विनशेठ, आणि उरलेल्यांतून कृत्तिका. मी उलटं सांगेन. आधी कृत्तिका आणि फाल्गुनराव ही जोडी पक्की करा. चाळीशी ओलांडलेली, एकमेकांच्या बोलण्याची लय ओळखणारी, वाक्य संपायच्या आत दुसऱ्याने पकडायला हवं हे समजणारी दोन माणसं. रोज संध्याकाळी ऑफिसातून उतरून तालमीला येणाऱ्यांत अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. गायक मग गायन क्लासात सापडतातच.