लॉगमधल्या लेव्हलची कुळकथा

सॉफ्टवेअर आपल्या कामाची जी नोंद ठेवते, तिच्यातल्या प्रत्येक संदेशाला गांभीर्याची एक पायरी असते. प्रोग्रामर तिला 'लेव्हल' म्हणतात. नवी लेव्हल स्वतः बनवता येणे ही अलीकडची सोय आहे. पायऱ्यांची मूळ कल्पना मात्र मेनफ्रेमच्या काळातली.

१९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टीम/३६० वर काम संपले की प्रोग्राम एक आकडा मागे ठेवत असे. ० म्हणजे सुरळीत, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक. त्यापुढे १२ आणि १६. चाराच्या या पाढ्याला कारण होते. त्या यंत्राची ब्रँच सूचना चार बाइटांची असल्यामुळे आलेला आकडा पत्त्यात मिळवला की नेमक्या सूचनेवर उडी मारता येई. तिथे गांभीर्याचे माप यंत्राच्या सोयीने ठरले.

आज सर्वत्र दिसणारी नावे आली ती बर्कलीहून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा टपाल पोहोचवणारा प्रोग्राम लिहिला. तो पडद्यामागे चालणारा, त्यामुळे तक्रार सांगायला त्याच्यासमोर कोणी बसलेले नसे. त्याच्या नोंदींसाठी सिसलॉग जन्माला आला आणि पुढे इतर प्रोग्रामही तो वापरू लागले. त्याच्या पायऱ्या आठ: इमर्जन्सी ०, अलर्ट १, क्रिटिकल २, एरर ३, वॉर्निंग ४, नोटीस ५, इन्फो ६, डीबग ७. संदेशाच्या सुरुवातीला एकच आकडा असतो, समजा १६५. त्याला ८ ने भागले की भागाकार २० येतो, तो संदेश कोणत्या विभागाचा ते सांगतो; बाकी ५ उरते, म्हणजे नोटीस. विभागांमध्ये १६ ते २३ हे क्रमांक ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे वापरावेत म्हणून मोकळे सोडले आहेत. गांभीर्याला मिळाले फक्त तीन बिट, आणि ते आठ पायऱ्यांतच संपले. नववी बसवायला जागाच नाही.

ती जागा जावाच्या जगात झाली. जेकी गुल्जू यांच्या लॉगफोरजे या लायब्ररीत डीबगला १०,०००, इन्फोला २०,०००, वॉर्नला ३०,०००, एररला ४०,००० असे आकडे होते. जुन्या बेसिक भाषेत ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक देत, मागाहून मध्ये ओळ घालता यावी म्हणून. इथेही फायदा तोच. २००३ च्या पायथन २.३ मध्ये लॉगिंगचे मॉड्यूल आले, त्यातही १० ते ५० असे दहादहाच्या अंतराने आकडे आहेत. इन्फोच्या २० आणि वॉर्निंगच्या ३० च्या मध्ये २५ ला 'नोटीस' बसवायला एक ओळ पुरते.

अडचणही या सोयीतूनच आली. नावांचा तक्ता साऱ्या प्रोग्रामला मिळून एकच असतो. एका लायब्ररीने २५ ला 'नोटीस' म्हटले आणि दुसरीने 'ऑडिट', तर शेवटी नोंदवलेले नाव टिकते. म्हणूनच लायब्ररी लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या लेव्हल बनवू नयेत, असे पायथनची कागदपत्रे बजावतात, आणि ते रास्तच आहे. शिवाय 'ऑडिट' ही गांभीर्याची पायरी नव्हेच. तो संदेशाचा प्रकार आहे. गुल्जू यांनी पुढे एसएलएफफोरजे लिहिताना पायऱ्या पाचच ठेवल्या, लॉगफोरजेमधली 'फेटल' ही पायरी वगळली आणि प्रकार सांगण्यासाठी 'मार्कर' ही वेगळी खूण दिली. २०१४ च्या लॉगफोरजे २ ने उलट वाट धरली: नाव आणि आकडा दिला की नवी लेव्हल तयार.

घरची लेव्हल घराबाहेर पडली की तिला पुन्हा त्या आठांतच बसावे लागते. पायथनचा सिसलॉगकडे संदेश धाडणारा हँडलर पाच नेहमीची नावे ओळखतो; बाकी कोणतेही नाव तो 'वॉर्निंग' समजतो. त्यामुळे २५ वर हौसेने बसवलेली 'नोटीस', सिसलॉगमध्ये त्याच नावाची पायरी असूनही, हँडलरच्या तक्त्यात तिची भर घातली नाही तर तिथे वॉर्निंग म्हणूनच नोंदली जाते.