हॉटलाईनचं बटण आणि अण्णांचा हेडफोन

आजचा एपिसोड पुण्यातल्या खोलीतून नाही, तर करकंबहून, आमच्या घराच्या माडीवरून रेकॉर्ड केलाय. मध्येच एसटीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

सुरुवात घरातूनच करतो. कॉलेजात असताना मी एक हेडफोन वापरायचो. हलका, घडी होणारा, कानावर साधा फोम आणि एक वायर. नोकरी लागल्यावर तो अण्णांना दिला. आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्री असते. दारं धरायला अण्णा एकटेच उसात जातात, आणि तेव्हा तो हेडफोन लावून कीर्तन ऐकतात. यंदा त्याची वायर आतून तुटली. मी लगेच त्याच मॉडेलची नवी आवृत्ती मागवली. कंपनी तीच, नावही तेच. म्हटलं, अण्णा खूश होतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "आरं, ह्याला बटणच नाही की. वल्या हातानं काय बी होत नाही. आन् कान असं गच्च बसत्यात, मोटार बंद पडलेली बी कळली नाही."

नव्या मॉडेलला वायर लावायची सोयच नाही. बटणांच्या जागी टच आहे, आणि फोमच्या जागी बाहेरचा आवाज अडवणाऱ्या गाद्या. रिव्ह्यूमध्ये या तिन्ही गोष्टींचं कौतुक होतं. रात्री उसात एकट्या असलेल्या माणसाला मात्र मोटारीचा आवाज आणि पाचोळ्यातली सळसळ ऐकू यावीच लागते. तो आवाज म्हणजे त्याच्यासाठी नॉईज नव्हे.

आता थोडं मागे जाऊ. १ जुलै १९७९. जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला, मॉडेल टीपीएस-एल२, किंमत ३३,००० येन. पत्रकारांसाठी सोनीचा एक छोटा रेकॉर्डर होता, त्यातून रेकॉर्डिंग काढून टाकून हे यंत्र बनवलं होतं. रेकॉर्डच होत नाही, मग घेणार कोण, असं लोकांना वाटायचं. पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० विकले गेले. ऑगस्ट संपेपर्यंत मात्र ३०,००० ची पहिली खेप संपली.

यात अर्धं श्रेय हेडफोनचं. त्या काळी चांगला हेडफोन म्हणजे ३०० ते ४०० ग्रॅमचं ओझं. सोनीने दिलेला हेडफोन होता ५० ग्रॅमच्या आसपास, फोमच्या गाद्यांचा. डोक्यावर काही आहे हे विसरून माणूस रस्त्याने चालू शकत होता.

पण त्या वॉकमनवर आणखी दोन गोष्टी होत्या. एक, हेडफोन लावायला दोन जॅक. दोन, एक नारिंगी बटण, 'हॉटलाईन'. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि आतल्या माईकमधून शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. सोनीचे अकियो मोरिता घरी नमुना ऐकत बसले होते, तेव्हा एकटेच ऐकताय म्हणून त्यांच्या पत्नी वैतागल्या, आणि त्यातून हे सुचलं. एकट्याने ऐकणं म्हणजे उद्धटपणा, असं मोरितांना वाटलं.

नंतर लक्षात आलं की लोकांना एकट्यानेच ऐकायचंय. मग पुढच्या मॉडेल्समधून हॉटलाईन गेली, हळूहळू दुसरा जॅकही गेला. वापर नाही, म्हणून काढलं. हिशोब सरळ होता.

दुसरी तारीख ७ सप्टेंबर २०१६. ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढला. फिल शिलर यांनी स्टेजवर त्याचं कारण एका शब्दात सांगितलं: धाडस. हा जॅक मूळचा १९ व्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला, ऑपरेटर बायका ज्याने कॉल जोडायच्या तो. आकार लहान होत गेला, कल्पना तीच राहिली. जॅक गेला आणि हेडफोनमध्ये बॅटरी आली. लिथियम बॅटरी काही वर्षांत दमतेच. म्हणजे पूर्वी वायर तुटली की हेडफोन बिघडायचा, आता नुसता जुना झाला तरी संपतो.

याउलट अमेरिकेतल्या कॉसचा पोर्टा प्रो बघा. १९८४ साली आला आणि आजही जवळपास त्याच रूपात मिळतो. त्यांनी वायरलेस आवृत्तीही काढली, पण वायरवाली बंद केली नाही.

आता माझी कबुली. मी सॉफ्टवेअरवाला. गेल्या वर्षी आमच्या ॲपमधलं एक बटण मीच काढलं. डॅशबोर्डवर त्याचा वापर अगदी कमी दिसत होता. ते थोडे लोक कोण, हे मी विचारलंच नाही. अण्णांसारखं कुणी असेल, तर माझ्या आलेखात ते एक बारीक रेघ होते. वापर किती हे आकडा सांगतो. गरज किती हे त्यातून कळत नाही.

थोडी हालचाल सुरू आहे. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या नियमानुसार, काही अपवाद सोडता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण काढून टाकलेलं बटण कोणताच कायदा परत आणत नाही. ते काढण्याआधी, ओल्या हाताचा माणूसही हे वापरतो, असं कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणावं लागतं.

जुना हेडफोन मी फेकला नव्हता. काल बाजारपेठेतल्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने वायर कापली, नवी पिन डाग देऊन जोडली. साठ रुपये घेतले. आज रात्री लाईट आहे. अण्णा तो खिशात घालून निघालेत, आणि नवा माझ्या बॅगेत पुण्याला परत चाललाय.

तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे, जिचं नवं मॉडेल आलं आणि आई-वडिलांनी जुनंच मागितलं? नक्की कळवा. आणि का मागितलं, हे आधी त्यांना विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.