राणीचा शिक्का आणि बोडीतली खापरं



बोडीचा गाळ काढताना, नाही तर घराचा पाया खणताना कुदळीला जुनं खापर लागलं की आपण काय करतो? टोकानं बाजूला सारतो आणि पुढं खणतो. नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या आमच्या गावांत सगळे हेच करतात, आम्हीही करत होतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही पाच मुलींनी इतिहास घेतला. जुन्या वस्तूंवरून जुना समाज कसा ओळखायचा, हा विषय प्रकल्पाला मिळाला, तेव्हा आमची पहिली तक्रार हीच होती की आपल्याकडं आहे काय? किल्ला नाही, राजवाडा नाही. जंगल आहे, वाघ आहे, धानाची बांधी आहे.

मग नगरधनची गोष्ट वाचली.

नगरधन हे नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळचं गाव. दीड हजार वर्षांमागं विदर्भावर वाकाटक राजांचं राज्य होतं आणि त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे हेच नगरधन, असं अभ्यासक मानतात. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्याचं पुरातत्त्व खातं यांनी २०१५ ते २०१८ या काळात तिथं उत्खनन केलं. एका जाडजूड भिंतीच्या माथ्यावर मातीचा एक चपटा गोळा मिळाला. लांबी साडेतीन सेंटिमीटर, वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास. आपल्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा म्हणा. त्यावर शंख उमटलेला आणि खाली ब्राह्मी अक्षरांत एका बाईचं नाव: प्रभावतीगुप्ता.

आपल्या बचत गटाचा शिक्का असतो ना, ठरावावर मारायचा? तसाच हा. फक्त शाईऐवजी ओल्या मातीवर दाबलेला. त्या काळी पत्र किंवा गाठोडं बांधून गाठीवर माती लावत आणि तिच्यावर शिक्का दाबत. म्हणजे मधे कुणी उघडलं तर कळावं.

ही प्रभावती कोण? उत्तरेतल्या गुप्त घराण्याचा राजा दुसरा चंद्रगुप्त, त्याची लेक. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिलेली. नवरा लवकर गेला, पोरं लहान होती. तिनं पोरांच्या नावानं राज्य सांभाळलं, आणि ते वर्ष-दोन वर्षं नव्हे. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटावर कारभाराचं तेरावं वर्ष लिहिलं आहे आणि तो नंदिवर्धनहूनच दिलेला आहे. ताम्रपट म्हणजे जमीन दान दिल्याचा तांब्याच्या पत्र्यावरचा कागद, आजचा सातबारा म्हणा हवं तर. त्यात ती आधी बापाचं घराणं सांगते, गुप्त राजांची नावं एकामागून एक घेते आणि गोत्रही माहेरचंच लावते. हे वाचून आमच्यातली एक म्हणाली, "आणि आपल्याला बँकेत माहेरचं नाव ठेवू का विचारलं तर बाबूच्या कपाळाला आठ्या पडतात!" हसलो खरे, पण ते खरंच आहे.

ताम्रपटामुळं राणी आधीच माहीत होती. मग मातीच्या गोळ्यानं नवं काय सांगितलं? तांब्याचा पत्रा फिरतो. कुणी विकतो, कुणी नेतो. हा शिक्का मात्र एका जागेवर, एका भिंतीवर, एका थरात मिळाला. त्यामुळं ती भिंत राजघराण्याच्या वास्तूची असावी, असं म्हणायला आधार आला. तिथं काचेची कर्णभूषणं मिळाली, मातीच्या बांगड्या मिळाल्या, वाडगी आणि मडकी मिळाली. गाय-बैल, शेळी, मेंढी, डुक्कर, मांजर, घोडा, कोंबडी यांची हाडंही ओळखता आली. ताम्रपटात कोंबडी कशाला येईल? ती हाडांतच येते. राजांची यादी सांगणारे पुष्कळ आहेत. त्या गावात चुलीवर काय होतं, बाईच्या हातात काय होतं, हे मात्र केरकचऱ्यातच सापडतं.

खापरं वाचायला आम्ही शिकलो त्यात आमच्या आज्यांचा वाटा मोठा. काठ जाड आणि तोंड आत वळलेलं असेल तर काय? आजी म्हणाली, पाणी हिंदकळू नये म्हणून. बुडाला बाहेरून काजळी असेल तर ते चुलीवर चढलेलं. आतून गुळगुळीत नसेल आणि पोट मोठं असेल तर धान्याचं. विदर्भात दगडांची वर्तुळं रचून माणसं पुरलेली ठिकाणं आहेत, नागपूरजवळचं जुनापाणी, माहूरझरी, ताकळघाट. तिथं अडीच हजार वर्षांहून जुनी अशी भांडी मिळाली की आतून नि काठाला काळी, बाहेरून लाल. भांडं आव्यात पालथं घालून भाजलं की आत हवा लागत नाही, ते काळं राहतं आणि बाहेरून लाल होतं, असं सांगतात. माहूरझरीला तर घोड्याच्या डोक्याला बांधायचे तांब्याचे दागिने निघाले. पारशिवनीजवळ नैकुंड इथं लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. आणि आपल्याच वैनगंगेकाठी पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं खणलं, तेव्हा बौद्ध स्तूप उजेडात आले. तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत बायकांचीही आहेत.

आता आमची चूक सांगतो. दोन उन्हाळ्यांमागं आमच्या बोडीवर रोजगार हमीचं काम होतं. हातभर खाली एक मडकं निघालं, आत लाल मणी. मणी पोरांनी वाटून घेतले. मडकं आमच्यातल्या एकीनं घरी नेलं आणि राखेनं घासून लख्ख केलं. विटा मोठाल्या होत्या, त्या कुणाच्या तरी न्हाणीला लागल्या. प्रकल्पाच्या वेळी आम्ही ते मडकं मोठ्या ऐटीत सरांना दाखवलं. त्यांनी विचारलं: किती खोल होतं? माती काळी होती की पिवळी? विटा रचलेल्या होत्या की विखुरलेल्या? मडक्याच्या आत काय चिकटलं होतं? आम्हाला एकाचंही उत्तर देता आलं नाही. आत जे चिकटलं होतं ते राखेबरोबर मोरीत गेलं. आज ते मडकं आमच्याकडं आहे, पण ते कुणाचं, कशाचं, कधीचं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. नगरधनचा तो गोळा आमच्यासारख्यांच्या हाती लागला असता तर? ढेकूळ समजून फोडला असता.

म्हणून एवढं करा. असं काही निघालं तर काम तेवढ्यापुरतं थांबवा, वस्तू उचलू नका, धुऊ नका. मोबाईलवर फोटो काढा, शेजारी फावडं ठेवून, म्हणजे माप कळतं. खोली हातानं मोजा. ग्रामसेवक, तलाठी यांना कळवा. पोलीस येतील, जमीन जाईल, ही भीती आम्हाला घरोघर ऐकू आली. कायदा काय म्हणतो ते आम्ही पाहिलं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. लपवलं तर शिक्षा आहे. पण कळवणाऱ्याचा हक्कही त्यातच लिहिलेला आहे, सगळं सरकारजमा होतं असं नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, हे १९७२ च्या कायद्यात आहे. तेव्हा मणी विकत मागायला कुणी गावात आला तर त्याला आधी परवाना विचारा.

आमच्या बोडीच्या पूर्वेच्या पाळीत अजून खापरं दिसतात. पोरांनी वाटून घेतलेल्या मण्यांपैकी सात परत आले आहेत, एक तर एका आईनं लेकीच्या गळ्यातून काढून दिला. बाकीचे कुणाकडं असतील तर पाठवा, कुणी विचारणार नाही. यंदा काम निघालं की आम्ही टेप आणि वही घेऊन पाळीवर बसणार आहोत. ज्यांच्या कुदळीला काही लागेल त्यांनी आधी हाक मारा.