कोतवाल बुकातले पूर्वज

कुळाचा शोध ही आपल्या समाजात कधी हौस नव्हती. ज्यांच्या माळ्यावर सनदा, निवाडपत्रे आणि ताम्रपट पडून होते, ज्यांची नावे तीर्थोपाध्यायांनी पिढ्यान् पिढ्या वह्यांत उतरविली, त्यांनी आपापल्या घराण्यांचे कुलवृत्तान्त छापले आणि त्यालाच महाराष्ट्राचा इतिहास म्हणण्याची प्रथा पडली. ज्या नाशिकात काळारामाच्या दारासाठी २ मार्च १९३० पासून सत्याग्रह मांडावा लागला, तिथल्या वहीत आपल्या पणजोबाचे नाव सापडेल असा भरवसा कोणी धरावा?

तरीही आज जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आपली मुले तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षापुढे उभी असतात. महाविद्यालयातील जागा, नोकरी, ग्रामपंचायतीची निवडणूक, काहीही असो, जातीचा दाखला पडताळून घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा याबाबतचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने १० ऑगस्ट १९५० रोजी निघाली, म्हणून त्या तारखेच्या आधीचा कागद मागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची रीत घालून दिली. तेव्हापासून जुन्या कागदाचे वजन फार वाढले. आजोबा १९५० पूर्वी शाळेत गेले असतील तर शाळेचा दाखला पुरतो. पण ते गेलेच नसतील तर? शिक्षण नाकारले म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून पुन्हा शिक्षणाची वाट अडते, असा हा फेरा आहे.

या मागणीत आणखी एक पेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर खानदेशातील गावोगावच्या आईबापांनी मुलांच्या नावापुढे शाळेत ‘बौद्ध’ लिहविले. केंद्राच्या सवलती मात्र बौद्धांना मिळू लागल्या त्या १९९० साली आदेशात दुरुस्ती झाल्यावर, आणि त्याही मूळची अनुसूचित जात सिद्ध करण्याच्या अटीवर. म्हणजे बापाने जो शब्द टाकला तो मुलाने आजोबाच्या, पणजोबाच्या कागदातून शोधून आणावयाचा. या वेदनेवर आपल्याकडे कविता पुष्कळ झाल्या. तो शब्द नेमका कोणत्या कागदात, कोणत्या रीतीने लिहिलेला आहे, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा खटाटोप.

सर्वात अधिक उपयोगी पडतो तो गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. पोलीस पाटलाच्या दप्तरी गावातील जन्म आणि मरण लिहिले जाई आणि त्याची यादी तालुक्याला जाई. आता गंमत पाहा. मर्तिकाची वर्दी परगावच्या सोयऱ्यांना पोचविणे, सरकारी कागद तालुक्याला नेणे ही महारकीचीच कामे. म्हणजे ज्याला वाचता येत नव्हते तोच माणूस स्वतःच्या पोराच्या जन्माची नोंद ऊन-पावसातून पायी वाहून नेत होता. आपल्या इतिहासाचे हमाल आपणच होतो.

त्या वहीत आडनाव सहसा मिळत नाही. ‘अमका वल्द तमका’ आणि पुढे जात, एवढेच. ‘वल्द’ म्हणजे मुलगा. काही कागदांत त्याच अर्थाने ‘बिन’ येते. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आणि मग नवऱ्याचे नाव. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते, बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. कारण नोंद बारशाच्या आधीच व्हायची. त्यामुळे आजोबाचे नाव धरून चाळणाऱ्याला वही कोरी वाटते. शोधावयाचे ते पणजोबाचे नाव, आणि तेही अंदाजे सालाच्या मागेपुढे चार-पाच वर्षे. मृत्यूच्या पानांवर कारणाचा रकाना असतो. पटकी, देवी, ताप. १८९९-१९०० च्या दुष्काळाची, ज्याला जुनी माणसे छप्पन्न्या म्हणत, पाने ज्यांच्या गावी शिल्लक असतील त्यांनी ती घरातली मोठी माणसे जवळ घेऊन वाचावीत. एकाच बापाच्या नावाखाली ओळीने नोंदी दिसल्या तर ते घर कसे रिकामे झाले हे वेगळे सांगावे लागत नाही.

आडनावावर विसंबू नये हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सोनवणे, अहिरे, बागूल, निकम, शिरसाठ ही आडनावे खानदेशात एकापेक्षा अधिक जातींत आढळतात. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. घराणे सकपाळांचे, गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, आणि साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव लागले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. आडनाव पाहून सकपाळांचा माग काढणाऱ्याच्या हाती त्या पानावर काय लागले असते? बापाचे नाव तेवढे कायम आहे.

दुसरा कागद वतनाचा. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महारकी सरकारी चौकटीत बांधली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात याच कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. चार दाणे बलुते आणि हाडकी-हाडोळ्याचा तुकडा यांच्या मोबदल्यात सगळे घराणे रात्रंदिवस राबवून घेणारी ही गुलामी आहे, असा त्यांचा रोख होता. शेवटी कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. जमिनी सरकारजमा होऊन रक्कम भरणाऱ्या वतनदारांना नव्या व अविभाज्य शर्तीवर परत मिळू लागल्या. परत देताना वारस कोण, तक्षिमा किती, हे ठरवावे लागले. त्यामुळे त्या काळातल्या फेरफारांत भाऊबंदांची नावे एकत्र सापडतात. ज्या बेडीविरुद्ध बाप झगडले, तिच्याच हिशोबात नातवाला वंशावळ मिळते. याची लाज वाटण्याचे कारण नाही. गुलामाच्या मोजदादीचा कागद गुलामाने साक्षीला ओढावा, यात न्यायच आहे.

येथे एक युक्ती सांगतो. माणसाचे नाव बदलते, जमिनीचा आकडा सावकाश बदलतो. हाडोळ्याचा सर्व्हे नंबर गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतो. तो धरून सातबारा, मग त्यावरील फेरफाराचे आकडे, मग जुने पाहणीपत्रक, असे मागे जावे. जेथे एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले तेथे जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखविणारा उतारा आधी काढावा. खानदेशात ही मोजणी सुखासुखी झाली नाही. १८५२ साली सावदा, एरंडोल भागात शेतकऱ्यांनी पाहणीविरुद्ध उठाव केला आणि सरकारला फौज आणावी लागली. त्या उठावाचा इतिहास लिहिला गेला तो जमीनवाल्यांचा. मोजणीच्या साखळीपुढे शिवेवर चालणारा माणूस त्यात नाही.

कचेरी कोणती, हेही आधी ठरवावे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता व त्याचे ठाणे धुळे. त्या साली पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. तेच पुढे जळगाव व धुळे. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. मालेगाव-बागलाण १८६९ साली नाशिक जिल्ह्यात गेले. मुक्ताईनगर शोधणाऱ्याने जुन्या कागदात एदलाबाद पाहावे. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडची सोयरीक असेल तर १९४८ पर्यंतचा तो मुलूख निजामाचा, आणि कागद उर्दूत.

इंग्रजांच्या आधी काय? १८१८ च्या मागे आपल्यासाठी वाट फार अरुंद होते. १८०३-०४ च्या लुटालुटीत आणि दुष्काळात खानदेशातील गावेच्या गावे ओस पडली. तेव्हा कोण कोठून येऊन वसले, याचा पत्ता लागणे कठीण. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. मोडी कागदांचे थोर भांडार म्हणून त्याचा मान आहे. असे कागद मुख्यतः देशमुख-देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरांतून येतात, पण महार त्यांत नाही असे मुळीच नव्हे. शिवेच्या तंट्यात महाराच्या साक्षीवाचून पान हलत नसे. डोक्यावर माती घेऊन शिव चालून दाखविणारा तोच, आणि महजरावर पाटलाच्या नांगराखाली गावच्या इतरांबरोबर त्याचीही निशाणी यावयाची. त्या निशाणीसाठी हे कागद कोणी वाचले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. तेच दप्तर आपल्या पोरांनीही वाचावे. मोडी ही मेहनतीने येणारी लिपी आहे, देवदत्त विद्या नव्हे.

मात्र कागदाने दिले त्याहून अधिक त्याच्याकडून वदवू नये. आपल्याकडे वंशाभिमानाचा मोह जुना आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली काढलेल्या पत्राचे नावच ‘सोमवंशीय मित्र’ होते. लष्करभरतीची दारे बंद झालेल्या काळात ती भाषा समजण्याजोगी होती. आज मात्र तीन-चार पिढ्यांची खरी नावे हाती येताच त्यापुढे एखादे राजकुळ जोडणाऱ्या हौशी वंशावळी छापल्या जातात, आणि हे मला अगदी नापसंत आहे. ज्यांच्या वंशावळीने आपल्याला बाहेर ठेवले त्यांच्याच पोशाखात आपला पणजोबा उभा करणे म्हणजे त्याच्या पाठीवरचा भार नाकारणे होय. भुसावळच्या रेल्वेतील सेवापुस्तिका, जळगावच्या खानदेश मिलची हजेरी, हे कागद कोणत्याही कल्पित राजकुळाहून मोलाचे आहेत, आणि तेच आधी कुजतात.

बायांचे काय, हा प्रश्न उरतोच. वारसनोंदीत विधवा म्हणून, एरवी ‘कोम’ म्हणून, इतकीच त्यांची जागा. आजीचे माहेर कोणत्याही नमुन्यात नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे आवश्यक झाले. त्याआधीच्या सगळ्या माया वहीबाहेर आहेत. त्यांची नावे जात्यावरच्या गाण्यांत, लग्नात कोणी कोणाला साडी नेसवली या आठवणींत, अहिराणी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. तहसिलीत अर्ज करण्यापूर्वी त्यांच्यापाशी बसावे आणि गाव, माहेर, भावंडे, कोण कोणत्या साथीत गेले, हे सारे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. कचेरीतला कागद आणखी दहा वर्षांनीही मागता येईल.